आधी वेळ, मग छप्पर

जालन्यात लोखंड आणि बियाणं हे दोन मोठे धंदे आहेत आणि माझं काम दोन्हींच्या मधोमध बसतं. शेड, शेडनेट, पाण्यावरची सावली अशी उभारणीची कामं मी घेतो. आज मे महिन्यातली १९ तारीख. हाताशी तीन कामं आहेत, पण मन गुंतलंय ते अंबड रोडवरच्या शेतातल्या एका घरी. तिथे पोहण्याची टाकी बांधून झाली आहे आणि घरच्यांना तिच्यावर सावली करायची आहे.

सकाळी ६.१५

मी पोचतो तेव्हा सूर्य उगवून अर्धा तास झालेला असतो. टाकी २४ बाय १२ फुटांची. लांब बाजू दक्षिणोत्तर आणि खोली सरासरी साडेचार फूट, म्हणजे साधारण ३६ ते ३७ हजार लिटर पाणी. भोवती उघडं रान. पश्चिमेला एकही झाड नाही.

काल याच वेळी मी पायरीवर एक बादली ठेवून गेलो होतो. तळाशी दगड, बादलीत टाकीच्याच पातळीइतकं पाणी आणि दोन्हीकडे पेन्सिलीची खूण. आज पट्टी लावून बघतो. बादलीतलं पाणी सेंटीमीटरभर उतरलंय आणि टाकीचंही तेवढंच. बादली गळत नाही, तेव्हा टाकीही गळत नाही. जे गेलं ते ऊन आणि वाऱ्यानेच नेलं. टाकीचं पाणी बादलीपेक्षा जास्त उतरलं असतं, तर सावलीचा विषय बाजूला ठेवून आधी गळती शोधावी लागली असती.

एक सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण २४ बाय १२ फुटांचं क्षेत्र म्हणजे जवळपास २७ चौरस मीटर. त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे रोजचे २६७ लिटर. महिन्याला आठ हजार लिटर पाणी कोणी न वापरताच हवेत जातं. आपल्या जिल्ह्यात हा आकडा सोडून देता येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांना स्वतः लावलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. शहराला आजही थेट पैठणहून, जायकवाडीतून पाणी आणावं लागतं. अशा ठिकाणी ज्याने टाकी बांधली त्याने तिच्यातलं पाणी राखलंच पाहिजे, असं मी मानतो. म्हणून सावलीचं काम मी पट्टी आणि बादलीपासून सुरू करतो.

सकाळी ७.३०

चहा येतो आणि त्याच्याबरोबर मोबाइलमधले फोटोही. थोरल्या वहिनींना तिकोनी शिडासारखं ताणलेलं कापड आवडलंय. मालकांना पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक छत हवंय. घरातले वडीलधारे आबा, त्यांच्या मते पत्रे टाकले की झालं.

यातलं कुठलं चांगलं, हे मी सांगत नाही. एक कोरा कागद घेतो आणि विचारतो, टाकीत कोण, किती वाजता उतरणार?

आबा म्हणतात, त्यांना गुडघ्यांसाठी पाण्यात चालायचंय, सकाळी साडेसहा ते साडेसात. पोरांना सुट्टीत चार ते सहा. घरातल्या बायका सहानंतर. भर दुपारी कोणालाच उतरू द्यायचं नाही, हे वहिनींनी आधीच ठरवून टाकलंय आणि ते योग्यच आहे.

कागदावर चित्र स्पष्ट होतं. सकाळचं ऊन कोवळं असतं, आबांना ते हवंच आहे. संध्याकाळी सहानंतर सूर्य कलतो. म्हणजे माणसांना सावली लागते ती चार ते सहा, आणि पाण्याला लागते ती अकरा ते तीन. या दोन वेगळ्या गरजा आहेत. एकाच छपराने दोन्ही भागतील, असं धरून चालायचं नाही.

"भाऊ, टाकीवर टाकीएवढंच छत टाकून द्या, विषय संपला," आबा म्हणतात.

"छत टाकीवर राहील आबा, सावली राहणार नाही. चार वाजता येऊन दाखवतो."

सकाळी ९.००

देऊळगाव राजाच्या वाटेवर एका शेतकऱ्याच्या शेडनेटची दुरुस्ती चालू आहे. या पट्ट्यात टोमॅटो, मिरची, काकडीचं बियाणं जाळीखाली घेतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात 'महिको' सुरू केली आणि पुढे बियाण्यांचा धंदा इथल्या गावागावांत पोचला. जाळीची खरी शाळा इथेच आहे. घरच्या टाकीवर जाळी लावायची असेल, तर ती कशी टिकते हे बियाण्यांच्या शेतकऱ्याला विचारावं.

मे हा दुरुस्तीचा महिना. मागच्या आठवड्यातल्या वावटळीने एका कोपऱ्यातली जाळी फाडली आहे. जवळून बघितलं तर जाळी मधे कुठेही फाटलेली नाही. ती फाटली आहे शिवणीवर, जिथे ती तारेला घासत होती तिथे. विणकाम शाबूत आणि कड गेलेली. नव्वद टक्के वेळा असंच असतं. म्हणून कडेला दुहेरी पट्टी, पट्टीत डोळे आणि तारेला जिथे जिथे जाळी टेकते तिथे पाइपाचा तुकडा चढवायचा.

जाळी घेताना दुकानदार टक्के सांगतो. ३५, ५०, ७५, ९०. हे टक्के सावलीचे असतात, मजबुतीचे नसतात. मजबुती कळते ती धाग्यावरून आणि दर चौरस मीटरच्या वजनावरून. गोल धाग्याची जाळी चपट्या पट्टीच्या जाळीपेक्षा जास्त टिकते. बिलावर भारतीय मानक १६००८ चा उल्लेख आणि अतिनील किरणांना टिकण्याची हमी किती वर्षांची, हे लिहून घ्यावं. तोंडी हमीला ऊन जुमानत नाही.

शेजारीच शेततळं आहे. आपल्याकडे शेततळ्यांनी बरंच काही दिलं. जालना तालुक्यातलं कडवंची गाव नव्वदच्या दशकात पाणलोटाच्या कामाला लागलं, आणि पुढे शेततळी आणि द्राक्षबागांसाठी राज्यभर ओळखलं जाऊ लागलं. त्या कामात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचा मोठा हात होता. पण या तळ्यांचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही त्यावरून वर येऊ शकत नाही. इथे मात्र कुंपण आहे, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेत, आणि काठावर ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब ठेवली आहे. शेतकऱ्याला मी मनापासून शाबासकी देतो. पाणी साठवणाऱ्या प्रत्येकाने एवढं केलंच पाहिजे, मग ते तळं असो की घरची टाकी.

सकाळी ११.००

कारखान्यावर येतो. औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलांच्या भट्ट्या पेटलेल्या, बाहेर ४२ अंश. माझ्याकडची पोरं सावलीत काम करतायत.

टाकीच्या कामासाठी पाइप निवडायचे आहेत. गॅल्व्हनाइज्ड पाइपावर रंगाची पट्टी असते. पिवळी म्हणजे हलका, निळी म्हणजे मध्यम आणि लाल म्हणजे जाड. बाहेरून तिघांचा व्यास सारखाच दिसतो, फरक भिंतीच्या जाडीत असतो. पाण्याजवळच्या खांबाला मी निळ्या पट्टीच्या खाली जात नाही. ग्राहकानेही माल उतरताना पट्टी बघावी, हातात कॅलिपर नसलं तरी एवढं डोळ्यांनी कळतं.

टाकीच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाण्याचे शिंतोडे, ओला वारा, सगळं लोखंडावर बसतं. उघड्यावरचं लोखंड पावसात धुऊन तरी निघतं, छताखालचा सांगाडा मात्र धुतलाच जात नाही. त्यामुळे छताच्या खालच्या बाजूने गंज आधी धरतो. आणि तो सुरू होतो वेल्डिंगच्या जागी. वेल्डिंगच्या झळीने जस्ताचा थर जळून जातो, जोडाच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा राखाडी, खरखरीत पट्टा उरतो. तिथे लोखंड उघडं पडलेलं असतं.

याला दोन उपाय आहेत. सगळं कापून, भोकं पाडून, जोडून झाल्यावर मग पूर्ण सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून आणायचा आणि जागेवर फक्त नट-बोल्टने उभारायचा. हे सर्वांत उत्तम. ४५० अंशांच्या जस्तात बुडवताना पाइपाच्या आत हवा अडकून चालत नाही, म्हणून प्रत्येक नळीला दोन्ही टोकांना भोकं ठेवावी लागतात. दुसरा उपाय स्वस्तातला. जोडाची जागा तारेच्या ब्रशने चकचकीत करायची आणि जस्ताचं प्रमाण जास्त असलेला रंग दोन हात द्यायचा. जोडायच्या आधी त्या जागेचं जस्त घासून काढावं, कारण जळणाऱ्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. माझ्याकडे हे घासल्याशिवाय कोणी वेल्डिंगचा दांडा उचलत नाही.

दुपारी १२.२३

सगळी पोरं अंगणात येतात. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर जालन्याच्या माथ्यावरून जातो. एकदा १९ मेच्या आसपास, आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात, तेव्हा बहुधा ढग असतात. जालना साधारण १९ अंश ५० कला उत्तर अक्षांशावर आहे, आणि सूर्य उत्तरेकडे सरकताना या दिवसांत तिथेच पोचतो. घड्याळाचे बारा वाजले की मध्यान्ह झाली, असं इथे होत नाही. आपली प्रमाणवेळ पूर्वेकडच्या रेखांशाची आहे, त्यामुळे जालन्यात आज मध्यान्ह होते ती १२ वाजून २३ मिनिटांनी.

आमच्यासाठी हा ओळंबा तपासायचा मुहूर्त आहे. अंगणात उभा केलेला दहा फुटी पाइप खरोखर सरळ असेल, तर त्याची सावली त्याच्याच बुडात गडप होते. कुठल्याही बाजूला सावलीची कोर दिसली, तर पाइप त्या बाजूला कललेला आहे. आज एक खांब दक्षिणेकडे थोडा झुकलेला सापडतो. नवीन पोरगा दोन मिनिटांत पाचर मारून सरळ करतो, आणि सूर्य असा का डोक्यावर येतो ते विचारत राहतो. त्याला समजेपर्यंत मी जमिनीवर कोळशाने आकृती काढून दाखवतो. ज्याला सावली विकायची आहे त्याला सूर्याची चाल पाठ पाहिजे.

टाकीवर सपाट छत असेल, तर त्याची सावली बरोबर टाकीवर पडते ती याच वेळी. नेमकी तेव्हा, जेव्हा पाण्यात कोणीही नसतं.

दुपारी २.००

जेवण झाल्यावर पंख्याखाली बसून एकेक पर्याय तपासतो.

पत्रे: स्वस्त, टिकाऊ, पण दुपारी तापतात आणि तीच धग खाली सोडतात. गारा पडल्या की कानठळ्या बसतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्यातली गारपीट ज्यांनी बघितली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पॉलिकार्बोनेट: अतिनील किरणं अडवतं, पण उजेड आत घेतं आणि ऊब कोंडून धरतं. थंड प्रदेशात ठीक, मे महिन्यातल्या जालन्यात बाजू मोकळ्या ठेवल्या तरी खाली उकाडा होतो. शिवाय आपली धूळ. ती पुसताना ओरखडे पडतात आणि दोन-तीन वर्षांत छत धूसर दिसू लागतं.

तिकोनी शीड: दिसायला देखणं. पण त्याच्या कडा ताणासाठी आत वळलेल्या असतात, त्यामुळे तीन खांबांमध्ये जेवढी जागा दिसते त्यापेक्षा सावली बरीच कमी मिळते. कापड पाणी न झिरपणारं असेल, तर एक कोपरा चांगला खाली ठेवावा लागतो, नाहीतर पावसाचं पाणी पोटात साठून सगळा ताण खांबावर येतो.

मांडव आणि वेल: मधुमालती सुंदर चढते, पण पानं-फुलं पाण्यात पडतात, गाळणी तुंबते आणि कुजलेला पाला क्लोरीन खाऊन टाकतो. वेल आणि टाकी यांच्यात अंतर हवं.

जाळी: हलकी, वारा थोडा पार होऊ देते, उतरवता येते. रंग मात्र विचार करून घ्यावा. हिरव्या जाळीखाली स्वच्छ पाणीही शेवाळी दिसतं आणि खरं शेवाळ धरलं तर उशिरा कळतं. काळी जाळी उन्हात सर्वांत जास्त टिकते, कारण तिच्या धाग्यातली काजळीच किरणांपासून तिला राखते, आणि तिच्यातून पलीकडचं स्पष्ट दिसतं. पांढऱ्या जाळीखाली उजेड मऊ असतो आणि पाण्याचा रंग खरा दिसतो.

कुठलीही जाळी सगळं ऊन अडवत नाही, ही गोष्ट मी प्रत्येक घरात सांगतो. ७५ टक्क्यांच्या जाळीतून चौथा हिस्सा येतोच, वरून आभाळाचा पसरलेला उजेड आणि पाण्यावरून उलटणारी तिरीप वेगळी. लहान मुलांना बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. सावली आहे म्हणून वेळ विसरू नये.

सावलीचा एक फायदा फारसा कोणी बोलून दाखवत नाही. उघड्या उन्हात, क्लोरीनला उन्हापासून राखणारं स्टॅबिलायझर नसेल तर, पाण्यातलं निम्म्याहून जास्त मोकळं क्लोरीन तास-दोन तासांत नाहीसं होतं. दुपारी पाणी झाकलेलं असेल तर औषध कमी लागतं आणि पाणीही कमी वेळा बदलावं लागतं.

आपल्या जुन्या पाण्याला यातलं काहीच लागत नव्हतं. मराठवाड्यातली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. विहीर, बारव खोल असते, तिच्या भिंतीच तिची सावली. ऊन पाण्यापर्यंत पोचतं ते मध्यान्हीच्या आगेमागे, आणि वारा तर खाली उतरतच नाही. नवी टाकी जमिनीच्या पातळीला, चारी बाजूंनी उघडी. विहिरीकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे भिंत. बाजूची सावली ही वरच्या सावलीइतकीच कामाची असते.

दुपारी ४.००

अंबड रोडला परत. दहा फुटी पाइप बरोबर आणलाय. टाकीच्या पश्चिम काठावर तो ओळंब्यात उभा धरतो. सगळं घर जमलंय, पोरं आधीच कपडे बदलून तयार.

सूर्य आता क्षितिजापासून साधारण ३९ अंशांवर आहे. पाइपाची सावली टाकीच्या पाण्यावरून सरळ पलीकडे जाते आणि पूर्वेच्या काठावर चढते. बारा फूट पार करून वर थोडीशी. मी खडूने खूण करतो.

"आबा, हा पाइप म्हणजे तुमच्या छताची पश्चिमेची कड. तिची सावली आत्ता पूर्वेच्या काठावर आहे. म्हणजे अख्ख्या छताची सावली टाकीच्या पलीकडे, त्या गवतावर."

आबा खाली वाकून खूण बघतात, मग सूर्याकडे, मग पुन्हा खुणेकडे. "म्हंजी पैसे छताला आन् सावली गवताला," ते म्हणतात. "मग करायचं काय?"

मी पाइप तीन फूट मागे, पश्चिमेला नेतो आणि सांगतो. खांबांची एकच रांग इथे, काठापासून तीन फुटांवर. उंची नऊ फूट. या रांगेवर जमिनीपासून वरपर्यंत काळ्या जाळीचा पडदा. पडद्याच्या माथ्यावरूनच पांढऱ्या जाळीचं छत पुढे यायचं, नऊ फूट, म्हणजे टाकीच्या अर्ध्यापर्यंतच. पूर्वेची अर्धी टाकी उघडी. खांब एकाच बाजूला असल्याने पोहणाऱ्याच्या वाटेत काही येत नाही.

तीन वाजता या छताच्या पुढच्या कडेची सावली जवळपास सात फूट पुढे सरकलेली असेल. म्हणजे तीनपासूनच अख्खी टाकी सावलीत. चारला सावली पूर्वेच्या काठाच्याही पलीकडे जाईल, आणि मागून येणारं ऊन पडदा अडवेल. छत अर्ध्या टाकीचं, पण पोरांच्या वेळेला सावली पूर्ण टाकीभर. सकाळी पूर्वेचं कोवळं ऊन मात्र थेट पाण्यावर, आबांच्या गुडघ्यांवर.

संध्याकाळी ५.००

बरोबरच्या पोरांनी दोन बांबूंना जुनी जाळी बांधून टाकीच्या लांबीइतका तात्पुरता पडदा उभा केलाय. सूर्य पंचवीस अंशांवर उतरलाय. नऊ फुटी पडद्याची सावली एकोणीस फुटांवर गेली आहे, टाकीची पूर्ण रुंदी झाकून वर उरतेय इतकी. घरची पोरं पाण्यात उड्या मारतायत.

पण टाकीच्या ईशान्येच्या कोपऱ्यात ऊन आहे. उन्हाची एक तिरकी पट्टी उत्तरेच्या टोकाकडून आत शिरली आहे.

मालक विचारतात, "पडदा तर पूर्ण लांबीचा आहे, मग हे कामून?"

कारण उन्हाळ्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही. या दिवसांत तो पश्चिमेपासून वीस-बावीस अंश उत्तरेला मावळतो. पाच वाजताच तो तेरा अंश उत्तरेला सरकलेला असतो, त्यामुळे सावली पूर्वेकडे जाताना दक्षिणेकडे सरकत जाते. कोपऱ्यात उभं राहून सुतळी ताणून मोजतो. आत्ता साडेतीन फूट, सहा वाजता ती पट्टी साडेचार-पाच फुटांची होईल. म्हणजे पडदा टाकीपेक्षा पाच फूट लांब हवा, आणि तो वाढवायचा फक्त उत्तरेकडे. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट वाढवला, तर दक्षिणेची जाळी फुकट जाईल आणि उत्तरेचं ऊन येतच राहील. एकूण लांबी २९ फूट, ती ३० धरायची, म्हणजे दहा-दहा फुटांवर चार खांब बसतात.

हे कुठल्या फोटोत दिसत नाही. संध्याकाळी आपल्या टाकीच्या कोपऱ्यात उभं राहावं लागतं.

संध्याकाळी ६.१५

पोरं बाहेर आली आहेत. आता जमीन बघायची.

कुदळीने दोन फूट खणल्यावरही काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात रोवलेला खांब दर वर्षी थोडा थोडा हलत राहतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यायचा, मग तो चार फुटांवर लागो की सहा. आणि टाकीच्या भिंतीला धक्का लागू नये म्हणून खड्डे पश्चिमेकडेच रुंद करायचे.

पाया इथे वजन पेलण्यासाठी नाही, जाळीचं वजन ते किती! पाया लागतो तो वाऱ्यात सांगाडा उपटू नये म्हणून. वाऱ्याच्या भारतीय मानकात आपला भाग सेकंदाला ३९ मीटरच्या पट्ट्यात येतो, म्हणजे तासाला १४० किलोमीटर. तेवढा वारा एका चौरस मीटरवर नव्वद किलोहून जास्त रेटा देतो. पडदा २५ चौरस मीटरचा. जाळीतून काही वारा निघून गेला तरी भार टनाच्या घरात जातो, आणि पुढे आलेल्या छताला तो खालून उचलतो. म्हणून खांबाची जाडी, पायाचा आकार आणि आडव्या हातांचा जोड हे अनुभवाच्या भरवशावर न ठरवता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्यायचं. त्या फीमध्ये काटकसर करू नये, खाली मुलं असतात.

जाळी तारेवर कड्यांनी सरकणारी ठेवायची. वळवाचं आभाळ भरून आलं की दोन माणसांनी पाच मिनिटांत पडदा आणि छत एका बाजूला ओढून बांधता आलं पाहिजे. मागून ताणाच्या केबल नकोत, संध्याकाळी पळणाऱ्या मुलांच्या पायात येतात. वर बघून विजेच्या तारांची खात्री करतो, शेताच्या लाइन बांधाकडून गेल्या आहेत, पुरेसं अंतर आहे.

पाणी वाचवायचं तर आणखी एक गोष्ट लागते. छताने माणसांची सोय होते, पाण्याची वाफ पूर्ण थांबत नाही. ती रोखायला टाकी वापरात नसताना पाण्यावरच तरंगतं आच्छादन पसरायचं. वहिनींना मी बजावून सांगतो: आच्छादन एकतर पूर्ण पसरलेलं किंवा पूर्ण काढलेलं. अर्धवट कधीही नाही, मूल त्याच्याखाली गेलं तर वर येण्याची वाट सापडत नाही. आणि पडद्याने पश्चिमेची बाजू बंद झाली तरी टाकीला चारी बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवंच. वहिनी म्हणतात, "ते आधी लिहा." मी आधी लिहितो.

आबा कडुनिंबाचं विचारतात. लावा, म्हणतो, पण पंचवीस फूट पश्चिमेला. दहा-बारा वर्षांत तो वाढला की चारच्या उन्हात त्याची सावली इथवर पोचेल. वाऱ्याने थोडी पानं येतील, पण मुळं टाकीच्या भिंतीपासून लांब राहतील. वड-पिंपळ मात्र जवळपास नको.

रात्री ८.३०

घरी बसून अंदाजपत्रक लिहितो. सर्वांत वर कुंपण आणि फाटक. मग वापराच्या वेळा, आबांची, पोरांची, बायकांची, आणि त्यांच्यासमोर त्या वेळची सूर्याची दिशा. त्यानंतर पडदा ३० बाय ९ फूट, काळा, ७५ टक्के. छत ३० बाय ९ फूट, पांढरं. चार खांब, निळी पट्टी, सगळा सांगाडा भोकं पाडून झाल्यावर जस्तात बुडवलेला. तरंगतं आच्छादन. इंजिनिअरची फी वेगळ्या ओळीत, म्हणजे घासाघीस करताना कोणी ती कापणार नाही.

खाली वापराची रीत लिहितो. जाळी होळीला चढवायची, मृगाला उतरवायची. पावसाळ्यात सावलीची गरज नाही आणि जाळीवर शेवाळ धरतं. हिवाळ्यात तर ऊन हवंच. डिसेंबरात दुपारीही सूर्य सत्तेचाळीस अंशांच्या फारसा वर जात नाही, त्या कोमट उन्हाला आडकाठी केली तर आबा पाण्यात पाय घालणार नाहीत. उतरवलेली जाळी धुऊन, वाळवून, उंदरांपासून लांब टांगली तर तिचं आयुष्य वाढतं.

शेवटी खरं तेच लिहितो. शाळा जूनच्या मध्याला उघडतील, सांगाडा जस्तातून येऊन उभा राहीपर्यंत सुट्टी संपलेली असेल. म्हणून या उन्हाळ्यापुरता पडदा बांबूवरच बांधून देतो, त्याचे पैसे नकोत, जुनीच जाळी आहे. पण इंजिनिअरचा कागद हातात आला की खड्डे आणि काँक्रीट याच महिन्यात उरकायला हवं. रोहिणीचा एक पाऊस पडला की काळ्या मातीतला खड्डा उभा राहत नाही, रात्रीतून ढासळतो. इंजिनिअरला आत्ताच फोन लावतो, उद्या सकाळी सातला त्यांनी थेट टाकीवरच यावं.